काही झालं नाही

आमच्याकडे एखादं काम कुणी अर्धवट सोडलं आणि दुसऱ्यानं हटकलं, की उत्तर ठरलेलं असतं. ‘काय हुत न्हाई.’ विहिरीवरच्या मोटारीची वायर उघडी पडलीय, काय हुत न्हाई. ट्रॅक्टरच्या मडगार्डवर चार पोरं बसलीत, काय हुत न्हाई. आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा काही होतही नाही. म्हणूनच हे वाक्य इतकी वर्षं टिकलं. मीही ते हजारदा म्हटलं असेल. पण एका हवेच्या टाकीपायी ते माझ्या घशात अडकलं, ते अजून अडकलेलंच आहे.

तासगावहून विट्याकडं जाणाऱ्या रस्त्यावर आमच्या गावचा फाटा आहे. तिथं पत्र्याच्या खोपटात आप्पांचं सायकलचं आणि पंक्चरचं दुकान होतं. पाण्याचं घमेलं, रबराचा डबा, सोल्युशनची ट्यूब, टायर उचकटायच्या पट्ट्या आणि एक हातपंप. सायकलीला हातपंप पुरायचा. पण द्राक्षाच्या बागा वाढल्या तसे ट्रॅक्टर वाढले आणि आप्पांच्या खांद्यावर संक्रांत आली. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकात हवा भरायची म्हणजे पंपाचा दांडा चार-पाचशे वेळा खाली-वर करायचा. आप्पा दमले की ट्रॅक्टरवाला, तो दमला की मी. रात्री आई आप्पांच्या खांद्याला विटकरीचा शेक द्यायची आणि म्हणायची, “असली कसली हवा म्हणायची, जीव काढती.”

नवा कॉम्प्रेसर घ्यायचा तर आमची वर्षाची कमाईही पुरली नसती. म्हणून १९८९ च्या उन्हाळ्यात आप्पांनी तो घरीच करायला घेतला. मी तेव्हा सहावीत होतो. आमच्या भागात हे काही जगावेगळं नव्हतं. आमच्यापासून थोड्याच कोसांवर किर्लोस्करवाडी. १९१० साली माळरानावर हा कारखाना काढणाऱ्या लक्ष्मणरावांनी सुरुवात केली होती ती बेळगावात, सायकलच्या दुकानापासून. आप्पा हे वरचेवर सांगायचे. सायकलवाल्याला काय जमतं, याचा तो त्यांचा पुरावा होता.

मिरजेच्या भंगारातून त्यांनी फ्रिजचा कॉम्प्रेसर आणला. फ्रिजच्या मागं खाली काळ्या मडक्यासारखा गोळा असतो, तो. त्याच्या आत मोटार आणि पिस्टन दोन्ही तेलात बसवून बंद केलेले असतात आणि बाहेर तांब्याच्या तीन नळ्या येतात. नळ्यांची टोकं कापली तसा आतला उरलासुरला गॅस फुस्स करून निघून गेला. आम्ही हसलो. त्या काळच्या फ्रिजमधला तो गॅस वर जाऊन ओझोनचा थर खातो आणि त्याला आवर घालायला १९८७ सालीच मॉन्ट्रियलला करार झाला होता, हे मला फार वर्षांनी कळलं. त्या दिवशी आमच्या लेखी तरी काही झालं नव्हतं.

आप्पांनी गोळा चालू करून एकेका नळीवर अंगठा धरला. ओढते कुठली आणि ढकलते कुठली, ते तसं शोधलं. ओढणाऱ्या नळीला धूळ अडवायला कापडाची गाळणी बांधली, आणि तिसरी नळी ठोकून झाळली. ढकलणाऱ्या नळीतून टाकीकडं हवा जाईल पण परत फिरणार नाही, असा एक व्हॉल्व्ह बसवला. तरी एक घोटाळा राहिला. एकदा बंद केलेला गोळा पुन्हा चालू केला की नुसता गुरगुरायचा. नळीत कोंडलेल्या हवेला तोंड देऊन उठायचं त्याच्यात बळ नव्हतं, त्यात आमच्याकडची लाईट म्हणजे कंदिलाची बहीण. मग गोळा आणि व्हॉल्व्हच्या मधे एक बारीक कॉक बसवला. बंद केल्यावर तो उघडून तेवढी हवा सोडायची, की गोळा परत सुरू. हवेबरोबर थोडं थोडं तेलही जायचं, ते मधून मधून आत भरायला लागायचं.

टाकी हा खरा प्रश्न होता. “घरच्या गॅसचं जुनं सिलिंडर घ्या की, जाड असतंय,” असं लोकांनी सुचवलं. आप्पांनी ऐकलं नाही. एक तर ते कंपनीच्या मालकीचं, आपल्याकडे नुसतं वापरायला दिलेलं. दुसरं म्हणजे आत गॅस राहिला असेल आणि त्याला वेल्डिंगची ठिणगी लागली तर काय होईल, हे सांगायला आपण उरणार नाही. त्यांनी सांगलीहून ट्रकच्या ब्रेकची हवेची टाकी आणली. ती मुळात हवेसाठीच केलेली.

सगळं सामान भंगारातलं, पण दोन वस्तू त्यांनी कोऱ्या आणल्या. दाब दाखवणारा काटा आणि पितळी सेफ्टी व्हॉल्व्ह. आई म्हणाली, “एवढं सगळं जुनं चाललं, मग ह्येच कशाला नवं?” आप्पा म्हणाले, “बाकीचं बिघडलं तर दुकान बंद पडतंय. ही दोन बिघडली तर माणूस.”

आणि मग टाकी पाण्यावर घेतली. हे शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले. टाकीचं एक तोंड वर करून ती पाण्यानं काठोकाठ भरली, आत हवेचा बुडबुडासुद्धा राहू दिला नाही. शेजारच्या बागायतदाराचा फवारणीचा एचटीपी पंप आणून त्याची नळी टाकीला जोडली. वापर शंभर पाउंडापर्यंत करायचा होता, म्हणजे साधारण सात किलो. आप्पांनी काटा साडेदहावर नेला, दीडपट. मग अर्धा तास काटा हलतो का ते बघत बसले.

मी विचारलं, “हवेची टाकी ना? मग पाणी कशाला?”

आप्पांनी समजावलं ते असं. पाणी दाबलं तरी दबत नाही. टाकी कुठं कच्ची असली तर चीर पडते, पाणी गळतं, काटा खाली येतो, संपलं. हवा दबते. दबलेली हवा ताणलेल्या रबरासारखी असते, वाट मिळाली की सगळी एकदम सुटते आणि टाकीचे तुकडे बरोबर घेऊन जाते. “पाण्याम्होरं टाकी फुटली तर आपुन भिजतोय. हवेम्होरं फुटली तर घरची मानसं रडत्यात.”

पुढं आयटीआयला गेल्यावर मी ते गणित मांडून पाहिलं. एक फूट व्यासाची टाकी धरली, तर शंभर पाउंडाला तिच्या एकेका झाकणावर पाच टनांचा रेटा येतो. उसानं भरलेल्या दोन-तीन बैलगाड्यांचं ओझं. पंक्चरच्या दुकानात आपण त्याच्याशेजारी बसून चहा पितो.

टाकी उतरली ती पास होऊन. आप्पांनी तिला रंग दिला आणि पांढऱ्या अक्षरांत पाण्यावर घेतल्याची तारीख लिहिली. रोज संध्याकाळी दुकान बंद करताना ते टाकीच्या बुडाचा कॉक उघडायचे. हवेतला दमटपणा आत साचून त्याचं पाणी होतं, ते चहासारखं तांबूस पाणी निघायचं. पावसाळ्यात जास्त. ते काढलं नाही तर टाकी आतून गंजते आणि बाहेरून रंग तसाच छान दिसत राहतो.

हे सगळं मला माहीत होतं. पुढं जे घडलं ते मला माहीत नव्हतं म्हणून घडलं नाही, एवढं कळावं म्हणून इतकं सविस्तर सांगितलं.

१९९८ साली माझा फिटरचा कोर्स पुरा झाला होता. आक्काचं लग्न होऊन दोन वर्षं झाली होती. दाजींनी जतकडच्या रस्त्यावर पंक्चरचं दुकान टाकायचं ठरवलं. मुहूर्त दसऱ्याचा. दाजी म्हणाले, “मेव्हणं, तुमच्या आप्पांसारखा कॉम्प्रेसर आमाला बी करून द्या.” बहिणीच्या घरचं काम, त्यात मी नवा कारागीर. माझी छाती फुगली. मी आप्पांपेक्षा चांगला करायचा ठरवला, एकाऐवजी फ्रिजचे दोन गोळे लावले. टाकी ट्रकचीच मिळाली. वरून थोडी गंजलेली होती. तार-ब्रशनं घासली, रेड ऑक्साईड मारला, वर निळ्या रंगाचे दोन हात दिले. बुडाला कॉक बसवायचा तुकडा मीच वेल्डिंग केला. टाका इतका देखणा आला की मीच चारदा बघितला. सेफ्टी व्हॉल्व्ह भंगारातला एक लावला. तो कितीला उडतो, ते बघितलं नाही.

राहिलं पाण्यावर घ्यायचं. दसरा परवावर आलेला. ऑक्टोबर छाटणीनंतरच्या फवारण्यांचे दिवस, त्यात ढगाळ हवा. दावण्याच्या भीतीनं सगळ्यांचे पंप दिवसरात्र बागांत. दोन ठिकाणी विचारलं, मिळाला नाही. तिसऱ्या ठिकाणी विचारायला मी गेलो नाही. टाकी हवेनंच शंभर पाउंडापर्यंत भरली, साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघितलं. आले नाहीत. म्हणजे टाकी गळत नाही एवढंच कळलं, किती सोसेल ते नाही. हा फरक मला चांगला ठाऊक होता.

टेम्पोत चढवताना आप्पा बाहेर आले. टाकीवर हात फिरवला. मी तिच्यावर तारखेच्या जागी ‘शुभ लाभ’ लिहिलं होतं. आप्पांनी विचारलं, “पान्यावर घेतलीस का?”

मी म्हणालो, “व्हय.”

त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

दसऱ्याला टाकीला हळद-कुंकू लागलं, झेंडूचा हार पडला. दुकान चाललं. जीप, टेम्पो, मोटरसायकली. पहिले काही महिने फोन आला की माझ्या पोटात धस्स व्हायचं. मग ते कमी झालं. वर्ष गेलं, दोन गेली. मनानं हळूच हिशेब फिरवला. आधी मी स्वतःला म्हणायचो, ‘पाण्यावर घ्यायला हवी होती.’ पुढं म्हणायला लागलो, ‘नाही घेतली तरी चालली की.’ आणि शेवटी तर ‘आप्पा जरा जास्तच करतात’ इथवर आलो. माणूस खोटं विसरत नाही, पण त्याला वापरून वापरून गुळगुळीत करतो.

२००५ च्या भाऊबीजेला आक्काकडं गेलो. भाचा सहा वर्षांचा झाला होता. दुकानात गेलो तर तो टाकीवर घोड्यासारखा पाय टाकून बसलेला, टाचा मारत होता. गोळे चालू होते, काटा नव्वदाच्या पुढं.

“मामा, बघा माझा घोडा!”

मी त्याला उचललं आणि बटण बंद केलं. दाजी म्हणाले, “रोजच बसतोय. गरम लागती म्हनून थंडीत तर उतरत न्हाई.” मी खाली वाकून बुडाचा कॉक फिरवायला गेलो. हलेना. “ह्यो कवा उघडता?” मी विचारलं. दाजी म्हणाले, “त्यो उघडायचा असतोय?”

मी त्यांना सांगितलंच नव्हतं. सात वर्षांत एकदाही. आप्पांना रोज संध्याकाळी करताना मी इतक्यांदा बघितलं होतं, की ते सांगायची गोष्ट आहे हेच ध्यानात आलं नव्हतं. टाकीतली हवा सोडून वरचं तोंड खोललं, टाकी पालथी केली. बादलीभर गंजाचं पाणी निघालं, त्यात पापुद्रे.

सणाच्या दिवशी दाजींचं दुकान मी बंद पाडलं आणि टाकी गाडीत घालून गावी आणली. दुसऱ्या दिवशी एचटीपी पंप मिळाला. या खेपेला तिसऱ्या ठिकाणी जायची वेळसुद्धा आली नाही. आप्पा खुर्ची घेऊन बसले. टाकी पाण्यानं भरली, काटा चढायला लागला. पाच. सहा. सात. सेफ्टी व्हॉल्व्ह उडायला हवा होता, उडाला नाही. आत गंजून बसला होता. आठाच्या जरा पुढं काटा गेला आणि माझ्या त्या देखण्या टाक्याच्या शेजारी बोटभर चीर पडली. पाण्याची चिळकांडी माझ्या गुडघ्यावर आली. काटा खाली. बस्स, एवढंच.

दाजी रोज काटा सातवर न्यायचे. सात आणि आठ, एवढंच अंतर होतं. मधे होतं ते फक्त दाजींचं बटणावरचं बोट. एखाद्या दिवशी गिऱ्हाइकाशी बोलण्यात ते बोट विसरलं असतं तर.

मी आप्पांना म्हणालो, “तवा पान्यावर घेतली नव्हती. खोटं बोललो.”

आप्पा ओल्या जमिनीकडं बघत राहिले. मग म्हणाले, “मग मी इचारलं कशाला हुतं?”

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. जणू त्यांना खरोखरच हवं होतं उत्तर. माझ्याजवळ नव्हतं.

दाजींना फोन केला तर ते म्हणाले, “एवढी वर्षं काय झालं न्हाई न्हवं? मग मारा की एक टाका आन् द्या लावून. दुकान बंद हाय.” त्यांचं म्हणणं अगदीच खोटं होतं असं नाही. रोजचं पोट होतं त्या दुकानावर. पण ती टाकी मी परत देऊ शकत नव्हतो. भंगारात टाकायचीही सोय नव्हती. तिथून कुणी तरी माझ्यासारखाच तिला निळा रंग देऊन परत उभी केली असती. गॅस कटरनं तिचे उभे दोन तुकडे केले, मग दिली. नवी टाकी, नवा व्हॉल्व्ह माझ्या पैशानं घेतला, पाण्यावर घेतला, तारीख लिहिली. दाजींना कॉक कसा, कधी उघडायचा ते दाखवलं. आक्का सगळं झाल्यावर एवढंच म्हणाली, “तुझा भाचा त्याच्यावर बसायचा रे.”

त्या टाकीनं कुणाला ओरखडाही काढला नाही. पोलिसात काही नाही, पेपरात काही नाही, गावात चर्चासुद्धा नाही. मग माझ्या हातून नेमकं काय घडलं?

मी असा विचार करून बघतो. समजा माझ्यासारख्याच दुसऱ्या एका पोरानं तशीच टाकी केली, तशीच घाई, तसंच ‘व्हय’. त्याची टाकी फुटली, माझी नाही. गाव त्याला मरेपर्यंत धरेल आणि मला चांगला कारागीर म्हणेल. पण आमच्या दोघांच्या हातांनी जे केलं ते रतीभरही वेगळं नाही. वेगळं आहे ते लोखंडाच्या आतलं नशीब, आणि त्यात माझी काही कमाई नाही. मग ‘काही झालं नाही’ याचं श्रेय मी कशाला घ्यायचं? जे चुकायचं ते १९९८ च्या दसऱ्याच्या आदल्या दिवशीच पुरं झालं होतं. पुढची सात वर्षं नुसता निकाल लांबला.

याचा अर्थ भंगारातून काही करूच नये, असा मी काढत नाही. ज्यांच्या गाठीला पैसा असतो त्यांनी गरिबाला ‘कंपनीचंच घे’ म्हणणं सोपं असतं. हल्ली शहरात जुगाड म्हटलं की टाळ्या पडतात, त्याही मला तितक्याच नकोशा वाटतात. आप्पांची टाकीही जुनीच होती, माझीही जुनीच. फरक जुन्या-नव्याचा नव्हता. आप्पांनी जो धोका पत्करला तो त्यांना दिसत होता, त्यांनी मोजला होता आणि त्याच्याशेजारी ते स्वतः बसत होते. मी धोका मोजला नाही, रंगाखाली झाकला आणि दुसऱ्याच्या दारात नेऊन ठेवला. स्वतःच्या जिवाशी खेळणाऱ्याला आपण वेडा म्हणू, धाडसी म्हणू. दुसऱ्याच्या जिवाशी त्याला न सांगता खेळणं, याला धाडस म्हणत नाहीत. आणि कॉक उघडायचं न सांगणं हे तर मी खोटं बोललो त्याहून मोठं असेल. वस्तू देताना तिच्याबरोबर तिची काळजी कशी घ्यायची, ते द्यायचं राहिलं तर आपण अर्धीच वस्तू दिली.

आप्पांच्या प्रश्नाचं उत्तर मला आता थोडंसं सापडल्यासारखं वाटतं. त्यांना वाटलं असतं तर ते स्वतः टाकी उतरवून तपासू शकले असते. त्यांनी विचारलं, कारण कारागिराला बापानं एकदा विचारायचं आणि त्याच्या शब्दावर टाकी जाऊ द्यायची, एवढा मान त्यांनी मला दिला होता. मी टाकीबरोबर तोही कच्चा निघालो.

आता आप्पा नाहीत. त्यांची टाकीही मोडीत काढली, तीही आधी दोन तुकडे करून. दाजींचं दुकान भाचा बघतो. गेल्या वर्षी त्याला दुसऱ्या कॉम्प्रेसरची गरज लागली. त्यानं मोबाइलवर कुणाचा तरी व्हिडिओ दाखवला, पाच मिनिटांत कॉम्प्रेसर तयार. “मामा, करूया की. टाकी मी बघून ठेवलीय.”

मी म्हणालो, “करू. आधी एचटीपी पंप घेऊन ये, टाकी पाण्यावर घेऊ.”

“द्राक्षाचा सीझन हाय, पंप कोण देतंय आता. न्हाई घेतली तर काय हुईल?”

मी त्याच्याशी खोटं बोलायचं नाही असं ठरवलेलं होतं. म्हणालो, “बहुतेक काय हुनार न्हाई.”

तो थोडा वेळ माझ्याकडं बघत राहिला. मग मोटरसायकलला किक मारून पंप शोधायला गेला. पहिल्या दोन ठिकाणी मिळाला नाही. संध्याकाळी परत आला तेव्हा मागं पंप बांधलेला होता.